लगीन कोनाचं हाय?

भिवंडी तालुक्यात आजवर जेवढे संसार टिकले, त्यांतले निम्मे तरी प्रेमामुळे नव्हे, तर माझ्या नवऱ्याच्या आत्याच्या धाकामुळे टिकले आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. आत्या धवलारीण होती. म्हणजे आमच्या भागातल्या लग्नघरी हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाणारी बाई. भटजींना उशीर झाला तर लोक कुरकुरतात. धवलारणीला उशीर झाला तर हळदच भिजत नाही. बाकीच्या धवलारणी लग्न आटोपलं की साडी-नारळ घेऊन घरी जातात. आत्याही घरी जायची, पण ते लग्न तिच्या डोक्यातून जात नसे. आपण गायलो म्हणजे या दोघांची हमी आपण घेतली, अशी तिची समजूत होती आणि ती हमी ती बाजारात, बँकेत, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही वसूल करायची. एकदा निजामपुऱ्याच्या भाजीबाजारात तिनं एका चांगलं पोट सुटलेल्या गोदामवाल्याला भर गर्दीत हाताला धरून थांबवलं. "काय रं, बायकोची दाढ दाखवली का न्हाय?" तो बिचारा पुटपुटला, "आत्या, कामातून वेळच..." आत्या म्हणाली, "हलदीच्या पाटावर बसाया बरा वेल होता तुना!" कोथिंबीरवाली हसली, कांदेवाला हसला, आणि गोदामवाला भाजीची पिशवी तिथेच ठेवून घरी बायकोला घ्यायला गेला. ती पिशवी आत्यानं आमच्याकडे आणली. आम्ही दोन वेळा त्याचीच भेंडी खाल्ली.

आत्याचा दुसरा हट्ट असा की, लग्नाचा मांडव सोडून ती कुठेही गात नसे. गात नसे म्हणजे गुणगुणतसुद्धा नसे. भाकऱ्या थापताना, भात निवडताना, नातवंडं झोपवताना आत्याच्या तोंडातून सूर म्हणून बाहेर पडत नसे. तिचं म्हणणं होतं की धवला ही काही करमणूक नाही, तो एकदा तोंडातून सुटला की कुणीतरी कुणाशीतरी बांधलं जातं, आणि समोर नवरा-नवरी नसतील तर ते कोण बांधलं जाईल याचा नेम नाही. लहानपणी विहिरीवर पाणी भरताना तिनं शिकण्याच्या हौसेनं एक धवला म्हटला होता, आणि त्याच आठवड्यात गावातला एक दोन लेकरांचा बाप पळून गेला. आता तो माणूस पळणारच होता हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण आत्यानं ते पाप आपल्या माथी घेतलं ते कायमचं. टीव्हीवरच्या मालिकेत लग्न लागलं की ती उठून बाहेर ओटीवर जाऊन बसायची. मालिकेतली लग्नं महिनाभर चालतात, त्यामुळे आमच्याकडे राहायला आली की तिच्या बऱ्याचशा संध्याकाळी ओटीवरच जायच्या.

आणि तिसरी गोष्ट, जी मला तेव्हा नुसती गंमत वाटायची. हळदीच्या आदल्या दिवशी आत्या मुलीच्या घरी जाऊन बसायची. काही विचारायची नाही, काही सांगायची नाही. चहा पीत, तंबाखू मळत, त्या मुलीकडे नुसती बघत राहायची. मुलगी भांडी घासते आहे, भावाशी भांडते आहे, फोनवर बोलते आहे, आणि ही बया कोपऱ्यातून बघते आहे. मुली अगदी रडकुंडीला यायच्या. दुसऱ्या दिवशी हळद लावताना सगळ्यांना ठाऊक असलेले धवले म्हणता म्हणता आत्या मध्येच एक ओळ अशी घालायची, की ती त्या मुलीचीच असे, दुसऱ्या कुणालाही लागू पडू नये अशी. ती ओळ पुन्हा कधीच नाही. "तुझी ओल तुझी. ती दुसरीला कशी देऊ? साडी हाय काय ती?" असं ती म्हणायची.

माझी ओळ मला मिळाली तेव्हा मी ती ऐकलीच नाही. मी निजामपुऱ्यातली. माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. आमच्या घराची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच होती, त्यामुळे मागांच्या खडखडाटात मला गाढ झोप लागायची आणि लाइट गेली, माग थांबले, की मी दचकून जागी व्हायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न ठरलं ते राहनाळच्या पुढच्या गावात, जिथे तेव्हा अजून शेतं होती. हळदीच्या पाटावर मी बसले होते ती नुसती घाबरून. डोळ्यांत हळद, कानांत बायकांचा गलका. त्यात आत्या म्हणाली:

मागाघरची लेक आली, शेताघरा निजाया,
माग थांबला, झोप मोडली, कोन येल समजावाया

माझी आई रडली म्हणतात. मला काही आठवत नाही. मला एवढंच आठवतं की पाट हलत होता.

मग एवढ्या वर्षांनी, माझी मुलगी कॉलेजात जायला लागल्यावर, एके दिवशी ती मोबाइल घेऊन धावत आली. "आई, ऐक, हे भारी आहे!" खाली ढोल, वर ताशा, मध्ये कसलीशी शिट्टी, आणि त्या सगळ्याच्या बोकांडी आत्या. तरुण आत्या. घट्ट, भरदार, हळदीसारखी पिवळी जर्द आत्या. "माग थांबला, झोप मोडली, माग थांबला, झोप मोडली," अशी तीच ओळ पुन्हा पुन्हा, आणि शेवटी "कोन येल, कोन येल, कोन येल" वर सगळा ठेका फुटायचा. त्यावर मुलं गॉगल लावून नाचत होती. मी खाली बसले. माझी ओळ मी पहिल्यांदा नीट ऐकली ती अशी.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. आमच्या लग्नाचं शूटिंग ज्यानं केलं होतं, त्याच्या मुलानं आता स्टुडिओ काढला होता. बापाच्या जुन्या कॅसेटींमधून त्यानं आवाज उचलला, खाली ढोल टाकला आणि गाणं सोडून दिलं. नावाच्या जागी लिहिलं होतं 'पारंपरिक'. ते गाणं असं चाललं, की त्या हंगामात आमच्या पट्ट्यात एकही हळद त्याच्याशिवाय झाली नाही. त्याचा पहिला परिणाम असा की आत्याला बोलावणी येईनाशी झाली. स्पीकरवर आत्या असताना मांडवात आत्या कशाला? तिला रिक्षा पाठवावी लागते, चहा द्यावा लागतो, वर ती दाढेची चौकशी करते. तिच्याच आवाजानं तिचं काम घालवलं होतं.

मला वाटलं, आत्या कामासाठी रडेल. तिला त्याचं काहीच नव्हतं. तिची झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणानं. दुकानांच्या उद्घाटनाला तिचा आवाज, क्रिकेटच्या सामन्यात तिचा आवाज, गोदामात ट्रक रिकामे करताना हमालांच्या मोबाइलवर तिचा आवाज. लग्न कुठेच नाही, आणि धवला चालूच. ती आमच्या ओटीवर येऊन बसली आणि म्हणाली, "मी हितं गप बसलीय, नि तिकडं मी गातंय. कोन कोनाला बांधलं जात असंल गो? त्याला गप कर. तू वकिलाकडं कामाला हाय ना?"

मी धामणकर नाक्यावर एका वकीलसाहेबांकडे टायपिंग करते. साहेब हुशार, पंचेचाळिशीचे, अविवाहित, आणि अविवाहित राहण्याचा त्यांना सार्थ अभिमान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रसन्न झाले. जमिनीच्या भानगडी बघून बघून त्यांना कंटाळा आला होता. ते म्हणाले, "गाणाऱ्या बाईच्या परवानगीशिवाय तिचा आवाज असा विकता येत नाही. कायद्यात गाणाऱ्याचा हक्क आहे. आणि ओळ तर त्यांनी स्वतः रचली आहे, ती पारंपरिक कशी?" मी नोटीस टाइप केली. इतक्या आवडीनं मी कुठलीच नोटीस टाइप केली नव्हती.

स्टुडिओवाल्याचं उत्तर आलं तेही वकिलाकडून. म्हणे, धवले हे समाजाचे, कुणा एकाचे नव्हेत. म्हणे, शूटिंग त्याच्या वडिलांचं, तेव्हा त्यातला आवाजही त्यांचा. आणि म्हणे, सदर बाई साडी-नारळ घेऊन कामावर आल्या होत्या, आणि कामावर असताना केलेल्या गोष्टीवर कामगाराचा हक्क नसतो. हे मी आत्याला वाचून दाखवलं. तिनं तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. "म्हंजे मी त्याच्या बापाची कामगार? नारल तर तुझ्या सासऱ्यानं दिला होता. तोसुदा नासका निंगाला." नारळ नासका निघाल्याचं तिनं इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं, हे मला त्या नोटिशीमुळे कळलं.

शेवटी दोन्ही बाजू साहेबांच्या ऑफिसात समोरासमोर बसल्या. स्टुडिओवाला म्हणजे अठ्ठावीस-तीस वर्षांचा, कानात बाळी घातलेला, पण बसताना आत्याच्या पाया पडून बसला. तो वाईट नव्हता. तो म्हणाला, "आत्या, तुमचं नाव टाकतो ना. मोठ्या अक्षरांत टाकतो." आत्या दचकलीच. "माझं नाव? म्हंजे सगलं पाप माझ्याच नावावर?" मग तो म्हणाला, "बरं, तुमचा आवाज काढतो. तीच ओळ कॉम्प्युटरच्या आवाजात घेतो. आता मशीन गाते, डिट्टो माणसासारखी." आत्यानं त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. "मशीन कोनाचं लगीन लावनार हाय? फ्रीजचं?" त्याच्या वकिलानं मग मुद्दा काढला, की हा आवाज याच बाईंचा कशावरून? यांनी इथे गाऊन दाखवावं, म्हणजे दूध का दूध होईल. साहेबांना ते पटलं. मलाही पटलं. मला तर नुसती आशा लागली, की आता ऐकायला मिळणार.

आत्यानं पदर सावरला, ऑफिसभर नजर फिरवली आणि विचारलं, "लगीन कोनाचं हाय?"

"लग्न नाही, आत्या. नुसतं नमुन्यादाखल."

"लगीन न्हाय तर धवला न्हाय." आणि मग तिची नजर साहेबांवर थांबली. "ह्यांचं झालंय काय?" साहेब हसले. आत्या हसली नाही. ती त्यांच्याकडे तशीच बघत राहिली, हळदीच्या आदल्या दिवशी मुलींकडे बघायची तशी. साहेबांनी टाय सारखा केला, खुर्ची जरा मागे घेतली, आणि मग एकदम उठून म्हणाले, की गाऊन दाखवण्याची तितकीशी आवश्यकता नाही, आपण पुढची तारीख ठरवू. त्यानंतर आत्या ऑफिसात आली की साहेबांना हमखास कोर्टात काम निघायचं.

प्रकरण असं लोंबकळत असताना एका रविवारी स्टुडिओवाल्याची आई आमच्या घरी आली. तिच्या हातात सुपारी होती. मुलाचं लग्न ठरलं होतं आणि हळदीला धवलारीण हवी होती. "मोबाइलवर लावून माझ्या पोराची हळद नाय लागायची," ती म्हणाली. "माझ्या हळदीला आत्याच होती. आता पोराच्या हळदीलापण तीच पायजे." मी दारातच उभी राहून चांगलं सुनवायची तयारी केली होती. आत्यानं माझ्या पाठीमागून हात पुढे करून सुपारी घेतलीसुद्धा. ती बाई गेल्यावर मी तणतणले, "आत्या, तो आपला प्रतिवादी आहे!" आत्या शांतपणे म्हणाली, "तो तुझ्या कागदावर. माझा तो नवरदेव हाय."

हळदीच्या आदल्या दिवशी ती नवरीकडे जाऊन बसून आली. हळदीच्या संध्याकाळी मी तिला घेऊन गेले. साहेबही आले होते. आवाज ओळखण्याच्या कामासाठी आलो असं म्हणत होते, पण उभे राहिले ते मांडवाच्या अगदी दूरच्या खांबापाशी, सरबताचा पेला छातीशी धरून. आणि आम्ही मांडवाच्या तोंडाशी पोचतो तर आत डीजेवर तेच गाणं! "कोन येल, कोन येल!" पोरं नाचताहेत. आत्या रस्त्यावरच थांबली. पदर दोन्ही कानांवर घट्ट धरून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. कुणीतरी आत जाऊन सांगितलं असावं. हळदीनं माखायला निघालेला नवरदेव उघड्या अंगानं धावत आला, डीजेपाशी गेला आणि त्यानं वायरच ओढली. सगळीकडे एकदम सामसूम झाली. त्या शांततेत आत्या मांडवात आली, पाटाशी बसली आणि गायला लागली.

आवाज तो नव्हता. तो भरदार, पिवळा जर्द आवाज गेला होता. हा खरखरीत, खालचा, मध्येच धाप लागणारा. साहेब सरकत माझ्यापाशी आले आणि कुजबुजले, "हा आणि तो आवाज कोर्टात जुळायचा नाही हो." मला ते ऐकू येत होतं आणि नकोही होतं. कारण तेवढ्यात आत्यानं, नवऱ्याला हळद लावता लावता, नवरीची ओळ म्हटली होती. ती मी इथे लिहिणार नाही, ती माझी नाही. एवढंच सांगते की त्या मुलीचा एक दात वाकडा आहे, आणि हसताना ती तोंडावर हात धरते. तो हात कोण बाजूला करील, असं काहीसं आत्यानं विचारलं होतं. पाटावर बसलेला नवरदेव हसता हसता थांबला आणि खाली बघत राहिला.

लग्नानंतर आठवड्याभरानं तो वकिलाला न घेता एकटाच ऑफिसात आला. म्हणाला, "मला माहीतच नव्हतं ती तोंडावर हात का धरते. मला वाटायचं स्टाइल आहे." मग म्हणाला, "ती ओळ कुणी ढोलावर टाकली ना, तर मी त्याचे हात-पाय तोडीन." साहेबांनी समझोत्याचा कागद पुढे केला. त्यानं सही केली. गाणं काढून टाकलं, कॅसेटींमधला आवाज पुसून टाकला. आत्याला तेवढ्यानं समाधान नव्हतं. ती म्हणाली, "मांडव उठला का धवला उठतो. कुठंच नको." मी माझ्या लग्नाचा व्हिडिओ त्याला दिला आणि त्यातलाही आवाज त्याच्याकडून पुसून घेतला. तेव्हा मला त्यात काही अवघड वाटलं नाही. आत्या होतीच. मुलीचं लग्न आज ना उद्या होणारच होतं, तेव्हा ती गाणारच होती, आणि मी या वेळी पाटावर नव्हे तर समोर बसून, कान देऊन ऐकणार होते.

त्यानंतर ज्यांनी ज्यांनी ते गाणं मोबाइलवर उतरवून घेऊन पुन्हा इंटरनेटवर चढवलं होतं, त्यांना नोटिसा पाठवायचं काम माझ्याकडे आलं. कायद्याचं असं आहे, की गाणाऱ्याला नाव मिळवून देणं सोपं, पैसे मिळवून देणं त्याहून थोडं कठीण, पण एखादा आवाज गप करणं फार कठीण. एक बंद केलं की दुसरीकडे उगवायचं. दर शनिवारी आत्या विचारायची, "झाला का गप?" आणि मी म्हणायची, "होतोय, आत्या. थोडाच राहिलाय."

गेल्या थंडीत आत्या गेली. शेवटचे काही दिवस तिला बोलताही येत नव्हतं. मुलीचं लग्न या वैशाखात झालं. धवलारीण दुसरी आणली होती, चांगली गायली, वेळेवर आली, साडी-नारळ घेऊन वेळेवर गेली. माझ्या मुलीला ओळ मिळाली नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. मलाच मांडवात राहवेना, मी मागे जाऊन भांडी मोजत बसले. घरी आल्यावर माझ्या लग्नाचा व्हिडिओ लावून बघितला. त्यात आत्याचे ओठ हलतात. माझी आई पदरानं डोळे पुसते. मी वेड्यासारखी हळद चोळून घेते. आणि कशाचाही आवाज येत नाही. मला आत्याची इतकी आठवण येते की ती आठवण आहे की भूक, हे मला समजत नाही.

परवा ऑफिस सुटल्यावर धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसले. दोन जण आधीच बसलेले, मी तिसरी. रिक्षावाला उत्तर प्रदेशचा, तरुण, मागच्या सीटखाली मोठा स्पीकर बसवलेला. रिक्षा सुटली आणि त्यानं गाणं लावलं. ढोल, ताशा, शिट्टी, आणि त्यातून आत्या. माझा हात सवयीनं पर्सकडे गेला. अशा वेळी मी गाडीचा नंबर आणि गाणं कुठून मिळालं ते विचारून टिपून घेते. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मैडम, बंद करूँ क्या?" शेजारचा माणूस मांडीवर बोटांनी ठेका धरत होता. 'माग थांबला, झोप मोडली.' आत्या अगदी जवळून म्हणत होती. मी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हटलं, "नको. राहू दे." माझा थांबा आला तसा त्यानं ब्रेक लावला. मी जागची न हलता त्याला विचारलं, "तुम कहाँ तक जाते हो?"